पोत्यात पातेरा होता

आमच्या घरमालकांना कोणी 'कसे आहात?' असं विचारलं की ते थांबायचे, थोडा विचार करायचे आणि खरं उत्तर द्यायचे. "डावा गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखतो. भूक बरी आहे. पोट साफ नाही." विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असायचा. मग लोकांनी विचारणंच सोडून दिलं. नुसती मान हलवायची आणि पुढे जायचं. मीही पुढे तेच करायला लागले.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उमेदीची सगळी वर्षं जिल्हाभर साखळी ओढत हिंडण्यात गेली. भावानं भावाच्या कुंपणाचा दगडी गडगा रातोरात हातभर सरकवलेला, हद्दीचा दगड उपटून विहिरीत टाकलेला, असं सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि तसं कागदावर लिहून दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. 'पाहिलं नाही ते लिहू नये, मोजलं नाही ते बोलू नये,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न केलेलं नव्हतं. एकदा मी धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडे मी गेलो नाही." एवढंच. लोक अशा गोष्टीभोवती केवढी वेलबुट्टी काढतात.

परटवण्याच्या उतारावर त्यांचं कौलारू घर होतं. खाली ते एकटे, आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं. जिना बाहेरून, त्यांच्या पडवीला अगदी लागून. जागा बघायला गेले तेव्हा माझी मुलगी सव्वाचार वर्षांची होती आणि माझ्या खांद्यावर झोपली होती. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले होते, नवरा मुंबईला. त्यांनी खोल्या दाखवल्या, कुठे गळतं ते दाखवलं, पाण्याची वेळ सांगितली आणि मग विचारलं, "मुलीचे वडील कुठे असतात?"

"मुंबईला. कंपनीत."

"खरंच मुंबईला आहेत ना?"

माझं डोकंच फिरलं. एकट्या बाईला असलं विचारायची ही कुठली पद्धत? मी फटकन म्हटलं, "महिन्यातून एकदा येतात. आले की दाखवते." त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. पहिल्या भेटीतच मी त्यांच्यावर फुली मारली होती. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला कितीतरी महिने लागले.

आता पोत्याचं सांगायला हवं. रोज संध्याकाळी साडेपाचला ते खांद्यावर गोणपाटाचं पोतं टाकून बाहेर पडायचे आणि आळीतल्या आंब्याफणसाखालचा पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, गोळा करायचे. मागच्या परसात त्यांची सात कलमं होती, त्यांच्या बुंध्याशी घालायला. उंच, काटकुळे, कमरेत किंचित वाकलेले, पायात रबरी बूट, पाठीवर फुगलेलं पोतं. बारा महिने तोच अवतार. लहान मुलाच्या नजरेनं बघितलं तर दुसरं काय दिसणार होतं? आळीतल्या आयांना आयताच बागुलबुवा मिळाला. 'जेवतोस की बोलावू पोतंवाल्यांना?' असं म्हटलं की ताट चाटूनपुसून साफ.

गंमत अशी, की बागुलबुवा नसतो हे आळीतल्या पोरांना सांगत फिरणारा एकमेव माणूस तोच होता. मुलांशी खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही. चंद्र मामा नाही. आवाज येतो तो हडळीचा नाही, घुबडाचा. राखणदाराचंही तेच. इकडे बागेची राखण करणारा एक अदृश्य म्हातारा असतो, भर दुपारी त्याच्या वाटेत जायचं नाही, असं शेंबड्या पोरापासून सगळे मानतात. ते म्हणायचे, "निम्म्या जिल्ह्याच्या हद्दी चाललोय मी. एकाही हद्दीवर कोणी भेटला नाही." मालगुंडला एका बागेची मोजणी होती. बागायतदार म्हणाला, बारा वाजता त्या कोपऱ्यात जाऊ नका, त्याची वेळ असते. हे मुद्दाम डबा घेऊन त्याच कोपऱ्यात जाऊन बसले.

"मग?" मी विचारलं.

"तीन पोळ्या होत्या. दोन खाल्ल्या. एक ठेवली होती बाजूला, आलाच तर असावी म्हणून. पाऊण तास थांबलो." मग म्हणाले, "आला असता तरी चाललं असतं."

हे सांगताना ते हसत नव्हते. तेव्हा मी हसले होते. आता ती पोळी आठवली की हसू येत नाही.

आम्ही राहायला गेलो त्याच वर्षीची दातांची भानगड. मुलांचा दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकायचा, उंदीरमामा नेतो आणि त्याच्या दातासारखा नवा दात देतो, हे कोणाला माहीत नाही? आळीत बाकी सगळ्यांचे स्लॅब झालेले. कौलं उरली होती ती एकट्या यांच्या घराला. त्यामुळे अख्ख्या आळीचे दात यांच्या डोक्यावर. मे महिन्यात कौलं परतायला गावाकडचा माणूस आला, तो कौलं काढताकाढता वरून ओरडला, "काका, उंदरान् सगळं दात हयच ठेवल्यान् वो! न्यायला इसरला वाटता."

एकोणीस दात निघाले. काकांनी ते धुतले, पडवीत वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि रस्त्यानं जाणाऱ्या मुलांना हाक मारून सांगू लागले, "ज्याचा त्यानं ओळखून घेऊन जा. उंदीर नेत नाही. दात आपोआप येतो, तो यायचाच असतो." मुलं गडग्यापलीकडे घोळका करून उभी. आत यायची कोणाची छाती नाही. एक लहानगा भोकाड पसरून रडायला लागला. त्याची आई, समोरची वहिनी, तरातरा आली.

"काका, काय हो हे? मुलांना जरा मजेत राहू द्याल की नाही?"

"मजेला माझी ना नाही. पण दात इथे आहेत."

"तुम्हाला मूल असतं म्हणजे कळलं असतं."

त्यांनी नुसती मान हलवली. ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत दात तसेच मांडलेले होते. मग त्यांनी ते गोळा करून कुठेतरी ठेवून दिले. त्यानंतर आळीनं त्यांचा बुवा जरा जास्तच चेवानं वापरला, असं मला वाटतं.

आणि मीही वापरला. माझी मुलगी जेवायला महा त्रास देणारी. मोबाइल दाखवून मुलांना भरवणाऱ्या आयांना मी नावं ठेवायचे. माझ्या घरात ते चालणार नव्हतं. दिवसभर ग्रंथालयात उभं राहून आलेली, नवरा मुंबईला, भाताचा एक घास पाऊण तास गालात. एका संध्याकाळी खिडकीतून ते पोतं घेऊन जाताना दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गीळ पटकन, नाहीतर ते बघ, पोत्यात घालून नेतील." घास गिळला गेला. इतका सोपा उपाय हातात आल्यावर कोण सोडतो? मग रोजच सुरू झालं. मी मोबाइल दाखवत नाही याचा अभिमान मात्र तसाच होता.

घराला लाकडी तक्तपोशी. वर बोललेलं खाली ऐकू जातं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एका रविवारी मी वाळवणं काढत होते तेव्हा ते जिन्याच्या पायथ्याशी आले. "मुलीला तुम्ही माझं नाव सांगून भरवता," म्हणाले. रागावलेले नव्हते. एखादी हद्द दाखवावी तसं सांगत होते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काहीतरी बोलले, मुलं ऐकत नाहीत, सगळेच म्हणतात वगैरे.

"बाकीच्यांचं राहू दे. ती या घरात राहते. तिला खरं सांगा. मी सांगून उपयोग नाही. बागुलबुवानंच 'मी बागुलबुवा नाही' म्हटलं तर कोण ऐकणार?"

"सांगते, काका."

मग ते पडवीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला ते सांगितलं. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आत्यानं सांगितलं, आई मुंबईला गेल्ये, चतुर्थीला येईल. आपल्याकडे चतुर्थीला सगळी मुंबई गावी येते. हा मुलगा दर गणपतीत सकाळी उठून हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन बसायचा. एकेक एस.टी. रिकामी होईपर्यंत बघायचा. सगळ्यांच्या आया, बाप, काका उतरायचे. "चार चतुर्थ्या. पाचव्या वर्षी शाळेतल्या एका मोठ्या मुलानं सांगितलं, तुझी आई मेल्ये. घरच्यांनी त्याला मारलं. मला तो एकटाच बरा माणूस वाटला."

त्या दिवशी मला त्यांचा तो प्रश्न कळला. मी म्हटलं, "काका, हिचे बाबा खरंच मुंबईला आहेत हो." ते म्हणाले, "माहीत आहे. मी बघितलंय त्यांना उतरताना."

इतकं ऐकूनही मी मुलीला सांगितलं नाही. त्या रात्री सांगणार होते, पण वरणभात व्हायचा होता आणि मी दमले होते. उद्या सांगू. मग परवा. खोटं मोडायलाही वेळ काढावा लागतो, आणि तेवढ्यात एक घास उतरत असतो.

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला अजून जड जाते. मुलगी पाच वर्षांची झाली होती. तापानं फणफणली, आणि औषधाचा चमचा दिसला की दात गच्च मिटायची. बळजबरीनं घातलं तर उलटी. रविवारची दुपार, डॉक्टर गावी गेलेले, नवऱ्याचा फोन लागत नव्हता, ताप उतरायचं नाव नाही. मी जिन्यातून खाली धावले आणि त्यांना म्हटलं, "काका, एकदाच. जिन्यात उभे राहून आवाज द्या. तुम्हाला घाबरून तरी घेईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी खोटं बोलत नाही," म्हणाले.

"काका, पोरीचं अंग भाजतंय."

ते उठले. कोपऱ्यातलं पोतं घेतलं. गुडघ्यावर हात दाबत जिना चढले आणि दाराच्या चार पायऱ्या खाली थांबले. आणि मग त्यांच्या त्या घोगऱ्या, संथ आवाजात म्हणाले, "मी खाली राहतो. माझ्याकडे पोतं आहे. मुलीनं औषध घ्यावं."

तीन वाक्यं. एकही शब्द खोटा नव्हता. मुलीनं आवाज न करता तोंड उघडलं, चमचा आत गेला आणि उलटी झाली नाही. ती थरथरत होती. मला तेव्हा फक्त चमचा रिकामा झाल्याचा आनंद झाला होता.

संध्याकाळी ताप उतरला. मी खाली सांगायला गेले. ते पडवीत बसले होते, पातेऱ्याला गेले नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही काही खोटं बोलला नाहीत हो, काका."

"खुणेचे सगळे दगड बरोबर आणि हद्द चुकलेली, असे नकाशे मी खूप पाहिलेत," ते म्हणाले. "बरी झाली की तिला सांगा."

"सांगते. नक्की."

पण आता सांगणं आधीपेक्षा अवघड झालं होतं, कारण आता मुलीनं बुवाचा आवाज स्वतः ऐकला होता. ती जिन्यावरून एकटी उतरेना. मी उचलून घ्यायची, ती डोळे मिटून माझ्या मानेत तोंड खुपसायची, फाटकाबाहेर गेलं की डोळे उघडायची. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सकाळी सातला आणि दुपारी साडेबाराला, तिच्या शाळेला जायच्या आणि मधल्या सुट्टीत मी तिला घरी आणायच्या वेळी, पडवीतली खुर्ची रिकामी असते. चहाचा कप अर्धा तसाच आणि माणूस परसात, विहिरीआड. एका पाच वर्षांच्या मुलीला जिना मोकळा मिळावा म्हणून तो माणूस दिवसातून दोनदा स्वतःच्याच घरात लपत होता. मला ते दिसत होतं. मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते, आणि ही माझी सगळ्यात मोठी लाज आहे.

मुलीचा पहिला दात पडला तेव्हा आम्ही मागच्या गच्चीवजा जागेतून तो कौलावर फेकला. माझा नेम कसला धड! दात कौलावरून घरंगळला आणि खाली अंगणात पडला. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा काकांनी माझ्या हातात एक कागदाची पुडी दिली. "अंगणात मिळाला. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

आधीचे एकोणीस दात जाहीर मांडणारा माणूस हा एक दात गुपचूप माझ्या हातात देत होता. तेव्हाही मला कळलं नाही, की ते मला अजून एक संधी देत आहेत. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी मुलीला सांगितलं, उंदीरमामानं दात नेला.

पुढच्या हिवाळ्यात ते परसात पडले. खुबा मोडला. पुण्याचा पुतण्या गाडी घेऊन आला. सकाळची वेळ होती, नाताळची सुट्टी, मुलगी घरीच. त्यांना खुर्चीत बसवून फाटकापर्यंत आणलं. सामान म्हणजे एक बॅग. आळीतले दोघं-तिघं आले होते, मोठी माणसं. मुलं कोणीच नाही. पातेऱ्याचं पोतं पडवीत घडी करून ठेवलेलं होतं.

गाडीत बसायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. "सांगितलंत का तिला?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

का म्हटलं? जाणाऱ्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून. आजाऱ्याशी, लेकराशी, म्हाताऱ्याशी आपण सगळे असंच बोलतो. त्यांचा चेहरा असा उजळला, की इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. मुलगी गज धरून उभी होती. त्यांनी हात वर केला आणि हलवला. कोणाला हात करायची सवय नसलेल्या माणसाचा तो हात, सबंध पंजा, मोजणीतला झेंडा हलवावा तसा.

मुलगी किंचाळली आणि खिडकीआड खाली बसली.

हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. पुतण्यानं दार लावलं आणि गाडी उतारावरून गेली.

महिना-सव्वा महिन्यानं पुतण्याचा फोन आला. काका गेले. खोल्यांत तुम्ही हवं तोवर राहा, खालचं कुलूप राहू दे. फोन ठेवला आणि मी मुलीला समोर बसवलं. त्या दिवशी दमलेली नव्हते का? होते. वरणभात व्हायचा होता. तरी सगळं सांगितलं. बागुलबुवा नसतो. खालचे आजोबा बुवा नव्हते. पोत्यात पातेरा असायचा. ते वारले, आता येणार नाहीत, पुण्याहूनही नाही आणि मुंबईहूनही नाही.

तिनं विचारलं, "जिन्यात आले होते ते?"

"मी बोलावलं म्हणून. तू औषध घेत नव्हतीस."

"आणि ते मला टाटा करत होते?"

"हो."

"मी खाली बसले," ती म्हणाली. "त्यांना वाटलं असेल मी अजून घाबरत्ये."

"घाबरत होतीस ना गो."

"हो. पण ते तू सांगितलंस म्हणून."

मी पर्सच्या आतल्या कप्प्यातली पुडी काढून तिला दिली. दात तिनं हातात घेतला. कागदावर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं, 'खालचा पुढचा, डावा. अंगणात, जिन्याच्या पहिल्या पायरीपासून चार फूट पूर्वेस.' मी तो कागद तोवर उघडून बघितलाही नव्हता. मुलगी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन खाली गेली आणि मोजून आली. त्या तापानंतर जिना ती पहिल्यांदाच एकटी उतरली. पडवीत तिला घाबरवायला आता कोणी नव्हतं, आणि भेटायलाही नव्हतं.

आता तिचं बारावं वर्ष संपत आलं आहे. आम्ही अजून वरच राहतो. समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलंय, त्यांचा दोन-अडीच वर्षांचा मुलगा. परवा संध्याकाळी आम्ही दोघी बाजारातून येत होतो. त्याची आई त्याला कडेवर घेऊन गडग्याशी भरवत होती. घास गालात. ती आमच्या खालच्या बंद दाराकडे बोट करून म्हणाली, "गीळ लवकर. त्या दारातनं पोतंवाला बुवा येईल हां."

काकांना तिनं पाहिलंही नव्हतं. तिला कोणी सांगितलं असेल? आळीनं. माणूस गेला तरी बुवा ठेवून घेतलेला.

माझी मुलगी थांबली. गडग्याजवळ गेली आणि त्या पोराला म्हणाली, "तिथे बुवा नाहीये. एक आजोबा राहायचे. ते पानं गोळा करायचे पोत्यात. आता ते वारले."

ती आई अवघडून हसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. "काय हो सांगत्ये ही? आता हा जेवायचा नाही."

इतकी वर्षं मी अशा वेळी हसून मुलीचा हात धरला असता आणि तिला वर नेलं असतं. मी म्हटलं, "नाही जेवला तर भूक लागली की जेवेल. ती खरं सांगत्ये. फार चांगले होते ते."

हे मी मोठ्यानं म्हटलं. ज्याला ऐकू जायला हवं होतं तो तक्तपोशीखाली नव्हता.

पोरगा घास गालात ठेवून दाराकडे बघत होता. मग त्यानं उष्टा हात वर केला आणि दाराला टाटा केला. माझ्या मुलीनं दाराकडे बघितलं, मीही बघितलं. दाराला कुलूप होतं.